मस्कत बंदराच्या बाजूने पाहायचं: मत्रह, जुनं शहर आणि सुरपर्यंतची वाट

मस्कतच्या बहुतेक सहली उलट्या क्रमाने आखलेल्या असतात. विमानतळावर उतरायचं, नव्या शहरातल्या हॉटेलात सामान टाकायचं, पहिल्या दिवशी मोठी मशीद आणि मॉल, दुसऱ्या दिवशी वाळवंट, आणि परतीच्या आधी मत्रहच्या बाजारासाठी जेमतेम अर्धा तास. तो अर्धा तासही नेमका दुपारी दोनचा, जेव्हा अर्ध्याअधिक दुकानांची शटरं खाली असतात. मग लोक घरी येऊन सांगतात, "मस्कत स्वच्छ आहे, पण बघण्यासारखं फार नाही."

मस्कत हे मुळात बंदर आहे आणि ते बंदर म्हणूनच पाहायला हवं. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, मधल्या दोन खाचांमध्ये दोन गावं. एक मत्रह, व्यापाऱ्यांचं. दुसरं जुनं मस्कत, राजवाड्याचं आणि किल्ल्यांचं. विमानतळाकडे पसरलेलं रुंद रस्त्यांचं शहर बहुतेक 1970 नंतरचं. सुलतान काबूस त्या वर्षी गादीवर आले तेव्हा साऱ्या ओमानमध्ये डांबरी रस्ता होता सुमारे 10 किलोमीटर. त्यामुळे जुनं काही शोधायचं तर या दोन खाचांमध्येच, आणि तिथल्या वेळा सांभाळून. खालचा सगळा आराखडा त्या वेळांवर बेतला आहे.

कधी जायचं, आणि कोणत्या वारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ, मार्चही चालून जातो. मे ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या वर असतो आणि समुद्राची दमट हवा त्यात भर घालते. उघडे काळे डोंगर दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब सोडत बसतात. त्या दिवसांत कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, चालणं म्हणजे शिक्षा.

महिन्याइतकाच वार महत्त्वाचा. ओमानची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी सकाळी सूक (जुना बाजार) बंद, मशीद पाहुण्यांना बंद, संग्रहालयं एक तर बंद किंवा दुपारनंतर उघडी. चार दिवसांचीच सहल असेल तर रविवारी संध्याकाळी उतरा आणि शुक्रवारी निघा. त्यात एकही दिवस वाया जात नाही. रमजानमध्ये जायचं असेल तर दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणं-पिणं बंद, अगदी पाणीसुद्धा, हे आधी मान्य करून जा. उलट रात्रीचा बाजार त्या महिन्यात जास्त रंगतो. माझ्या मते पहिल्या भेटीला रमजान टाळावा आणि दुसऱ्या भेटीला मुद्दाम निवडावा.

व्हिसा, पैसे, बॅग

ई-व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढायचा. थोड्या दिवसांचा आणि महिन्याचा असे पर्यटक व्हिसाचे प्रकार तिथे दिसतील. नियम आणि शुल्क बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच ते पाहा. मधल्या दलालांच्या संकेतस्थळांची रचना सरकारी वाटते आणि ती शोधात वर येतात, त्यामुळे पत्ता नीट वाचा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

रियालचे 1000 बैसा होतात, म्हणजे किंमत दशांशानंतर तीन आकड्यांत लिहिलेली असते. 0.500 म्हणजे अर्धा रियाल. हा हिशेब पहिल्या दिवशी चुकतो आणि टॅक्सीवाल्याला दहापट पैसे जातात. एक रियाल म्हणजे दोनशे रुपयांहून जास्त. 1973 पासून तो डॉलरला बांधलेला आहे, आणि 1986 पासून साधारण 2.60 डॉलरला एक. त्यामुळे ओमानमध्ये भाव स्थिर वाटतात, घसरतो तो आपला रुपया. गंमत अशी की 1970 पर्यंत इथे रुपयाच चालायचा. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या आणि शेजारच्या देशांनी त्या सोडल्यावरही मस्कतने त्या काही वर्षं वापरल्या. जुन्या नाण्यांच्या दुकानांत या नोटा अजून डोकावतात, पण किंमत ऐकून हात मागे येतो.

बॅगेबद्दल दोनच गोष्टी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या नेऊ नका. आणि खसखस नको. संयुक्त अरब अमिरात आणि सौदीत तिच्यावर बंदी आहे, अनेकांची विमानं दुबईमार्गे जातात, आणि दिवाळीच्या सुमारास नातेवाइकांसाठी डब्यात काय असतं? अनारसे. ते घरीच खा. करंज्यांच्या सारणातही खसखस असेल तर त्याही नकोत.

कपडे साधे, खांदे आणि गुडघे झाकणारे. मशिदीसाठी वेगळे नियम आहेत, ते पुढे येतील.

मुक्काम मत्रहलाच करा

विमानतळ सीबला, मत्रहपासून तीसेक किलोमीटर. टॅक्सी मीटरवर चालते, ॲपवरूनही मागवता येते. मुवासलात या सरकारी कंपनीची बस विमानतळावरून रुवीपर्यंत जाते आणि तिथून दुसरी बस मत्रहला. सामान हलकं असेल तर बस उत्तम आणि फारच स्वस्त.

रुवी म्हणजे भारतीयांचं मस्कत: उडपी, केरळी खानावळी, सोन्याची दुकानं, किराणा. अनेक मराठी कुटुंबं ओळखीचं जेवण मिळावं म्हणून तिथेच उतरतात. माझा सल्ला वेगळा. मत्रहच्या कॉर्निशवर साधी, जुनी हॉटेलं आहेत. खोल्या फार सुंदर नसतात, पण खिडकीतून बंदर दिसतं आणि पहाटे पाच वाजता पायीच मासळीबाजारात पोहोचता येतं. रुवी तिथून टॅक्सीने दहा मिनिटांवर. दाल-खिचडी हवीच असेल त्या दिवशी जा.

पहिली सकाळ: मासळीबाजार, कॉर्निश, डोंगरवाट

सूर्य वर यायच्या आत मासळीबाजार गाठा. 2017 मध्ये उघडलेली ही नवी इमारत नॉर्वेच्या स्नोहेट्टा या वास्तुरचनाकारांची, पांढऱ्या पट्ट्यांचं लाटांसारखं छप्पर असलेली. इमारतीपेक्षा आत पाहण्यासारखं जास्त. सुरमई, टुना, हमूर, शार्कचे तुकडे, आणि ओमानी कोळी सफेद डिशदाशा (पायघोळ अंगरखा) गुडघ्यापर्यंत खोचून काट्याशी उभे. कोकणातल्या माणसाला इथे भाषेची गरज पडत नाही. सुरमईच्या कल्ल्यात बोट घालून पाहण्याची रीत दोन्ही किनाऱ्यांवर एकच.

तिथून कॉर्निशने पूर्वेकडे चालायला लागा. समोर पांढरी-निळी घरं, लाकडी सज्जे, एक निळ्या घुमटाची मशीद. ही वस्ती लवाती समाजाची, सुर अल लवातिया. सिंध-गुजरातच्या बाजूने पूर्वी आलेले हे व्यापारी शिया पंथाचे, आणि भिंतीआडची त्यांची वस्ती खासगी आहे. दारात फलक नसला तरी आत शिरू नका, सज्जांचे फोटो रस्त्यावरूनच काढा.

बंदरात सुलतानांच्या नौका उभ्या असतात, कधी क्रूझ जहाजं. 2014 मध्ये मालवाहतूक सोहारच्या बंदरात नेली आणि हे बंदर पर्यटनासाठी ठेवलं, त्यामुळे क्रेन आणि कंटेनरची गर्दी नाही. क्रूझ लागलेली असेल त्या दिवशी मात्र सूकमध्ये भाव दुप्पट आणि गर्दी तिप्पट. सकाळीच मोठं जहाज दिसलं तर बाजार दुसऱ्या दिवशी ठेवा.

वर टेकडीवर मत्रहचा किल्ला. त्याला पोर्तुगीज काळातला इतिहास आहे, पायऱ्या चढून जाता येतं आणि वरून बंदराची घोड्याच्या नालेसारखी कमान पूर्ण दिसते. चालायची आवड असेल तर रियाम पार्कच्या मागून सुरू होणारी सी-38 नावाची डोंगरवाट घ्या. गाडीरस्ता होण्याआधी मत्रह आणि मस्कतमधली माणसं या डोंगरांतून नाहीतर होडीने जात. वाट दीड-दोन तासांची, रंगाच्या खुणांनी दाखवलेली, दगड सुटे. सावली अजिबात नाही. सकाळी सातच्या आत सुरू करा, दीड-दोन लिटर पाणी घ्या, चप्पल घालून जाऊ नका. सह्याद्रीत फिरलेल्यांना ती सोपी वाटेल. फरक इतकाच की इथे पाण्याचं टाकं किंवा झाड कुठेच भेटत नाही.

सूक: काय घ्यायचं आणि काय सोडायचं

मत्रहचं सूक सकाळी नऊच्या सुमारास उघडतं, एकला बंद होतं आणि चार-पाचनंतर रात्री नऊ-दहापर्यंत चालतं. शुक्रवारी फक्त संध्याकाळी. पहिल्यांदा संध्याकाळीच जा, कारण तेव्हा ओमानी कुटुंबं खरेदीला आलेली असतात. दुसऱ्यांदा सकाळी, घासाघीस करायला.

समुद्राच्या बाजूच्या मुख्य दारातून शिरल्यावर पहिली पन्नासेक पावलं पश्मिना, उंटाचे की-चेन, चमकते दिवे. यातलं बरंच मुरादाबाद, जयपूर किंवा काश्मीरहून आलेलं, आणि ते इथून विकत घेऊन परत भारतात आणणारे लोक दरवर्षी भेटतात. चालत राहा. गल्ल्या अरुंद होत जातात, छत खाली येतं, आणि मग खरी दुकानं लागतात.

पहिली खरेदी लुबानाची. ओमानच्या दक्षिणेला धोफार प्रांतात एका खुरट्या झाडाच्या सालीला चरे पाडून हा डिंक काढतात. इजिप्त, रोम, भारत, सगळीकडे हजारो वर्षं तो इथून जात होता. दुकानात चार-पाच पोती उघडी असतात. तपकिरी, धुळीने माखलेले खडे सर्वांत स्वस्त. फिकट पिवळे मधले. हिरवट-पांढरी झाक असलेले, प्रकाशात धरले तर आरपार दिसणारे मोठे खडे सर्वांत वरच्या प्रतीचे. त्यांना होजारी म्हणतात. दुकानदाराला निखाऱ्यावर एक खडा टाकायला सांगा. चांगल्याचा धूर पांढरा निघतो आणि त्यात लिंबाच्या सालीचा किंचित वास येतो, हलक्याचा धूर काळपट आणि डोळे झोंबवणारा. देवघरासाठी मधली प्रतही पुरे. होजारी पाण्यात भिजवून ते पाणी पिण्याची ओमानी लोकांची रीत आहे. पाहुण्याने ती करून बघायची गरज नाही.

दुसरी, जुनी चांदी. इथे मारिया थेरेसा थेलर ही ऑस्ट्रियाची मोठी चांदीची नाणी दिसतील. ती एकेकाळी अरबस्तानभर चलनात होती आणि दागिने करताना वितळवली जात. सगळ्या नाण्यांवर एकच साल असतं, 1780. राणी त्या वर्षी वारली आणि पुढची दोन शतकं जगभरच्या टाकसाळींनी तेच साल ठेवून नाणी पाडली. त्यामुळे "मॅडम, सतराशे ऐंशीचं आहे" यावर विश्वास ठेवून पैसे मोजू नका. चांदी म्हणून वजनाने भाव करा.

तिसरी, खंजर. वाकड्या म्यानाची ही कट्यार ओमानच्या झेंड्यावरही आहे आणि 2022 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. चांदीची तार गुंफलेलं खरं खंजर काही शेकडो रियालचं असतं. वीस-पंचवीस रियालचं म्हणजे पातळ पत्रा. कोणतंही घेतलं तरी ते चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत सापडलं तर सुरक्षातपासणीतच राहील.

पुरुषांनी एक कुम्मा घ्यावा. ही हाताने भरतकाम केलेली गोल टोपी. तिच्या बारीक छिद्रांतून वारा जातो म्हणून ती गरमीतही डोक्यावर राहते. हाताचं काम आणि यंत्राचं काम ओळखायचं असेल तर टोपी उलटी करून आतले टाके पाहा.

खजूर सूकच्या मागच्या बाजूच्या दुकानांतून घ्या. खलास मऊ आणि मधाळ, फर्द काळसर आणि कमी गोड. मबसली नावाची एक जात ओमानमध्ये उकळून वाळवतात, आणि तो माल पिढ्यान्‌पिढ्या भारतात जातो. आपल्याकडे बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडणाऱ्या खारकेचा प्रवास बऱ्याचदा असाच सुरू झालेला असतो.

घासाघीस करा, पण मुंबईच्या फॅशन स्ट्रीटसारखी अर्ध्याच्या अर्ध्यावर जाऊ नका. सांगितलेल्या भावाच्या पंचवीस-तीस टक्के खाली यावं, हसत यावं आणि कहवा (ओमानी कॉफी) पुढे केला तर नाकारू नये. पेला भरत राहतात. पुरे झाला की तो हातात दोन-तीनदा हलवायचा.

जुनं मस्कत: किल्ले, राजवाडा आणि नरोत्तम

मत्रहपासून चारेक किलोमीटर. डोंगर ओलांडून शहराच्या वेशीतून आत गेलात की एकदम शांतता. पूर्वी सूर्यास्तानंतर काही तासांनी वेस बंद होई, आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्याने हातात कंदील बाळगायचा असा दंडक 1970 पर्यंत होता.

राष्ट्रीय संग्रहालयापासून सुरुवात करा. 2016 मध्ये उघडलेलं हे संग्रहालय राजवाड्याच्या समोरच आहे. दर्यावर्दी दालन सोडू नका: नावांचे नमुने, दिशा पाहायची साधनं, नकाशे. त्याला दीड तास द्या. नंतर पायी बैत अल झुबैरला जा. एका घराण्याचा खासगी संग्रह 1998 मध्ये लोकांसाठी खुला झाला. खंजर, दागिने, प्रांताप्रांतांचे पोशाख, जुन्या मस्कतची छायाचित्रं. मला स्वतःला हे छोटं संग्रहालय मोठ्यापेक्षा जास्त आवडतं, कारण इथे घर कसं चालायचं ते दिसतं.

राजवाडा म्हणजे अल आलम, निळ्या-सोनेरी खांबांचा, थोडासा नाटकाच्या नेपथ्यासारखा. आत प्रवेश नाही. फाटकासमोर उभं राहून फोटो काढता येतो. तो 1970 च्या दशकात बांधला तो मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने, आणि भारतीय बांधकाम कंपन्यांच्या परदेशातल्या कामांची ही अगदी सुरुवात होती. पहारेकऱ्यांचे आणि कोणत्याही लष्करी इमारतीचे फोटो मात्र नकोत.

राजवाड्याच्या दोन बाजूंना, बंदराच्या दोन टोकांवर, अल जलाली आणि अल मीरानी. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1507 मध्ये मस्कत जाळून घेतलं आणि पुढे ते गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अमलाखाली राहिलं. 1552 मध्ये तुर्कांचा आरमारप्रमुख पीरी रईस येऊन शहर लुटून गेला, 1581 मध्ये पुन्हा तसंच झालं, तेव्हा पोर्तुगीजांनी त्या दशकात हे दोन्ही किल्ले आजच्या जागी उभे केले. वसई, रेवदंडा, कोर्लई पाहिलेल्याला ही दगडी भाषा लगेच ओळखू येते: बंदराचं तोंड दोन्ही बाजूंनी तोफांच्या माऱ्यात पकडायचं. जलाली पुढे बराच काळ तुरुंग होता. दोन्ही किल्ले पायथ्याकडून आणि समुद्रावरून पाहायचे, आत जायचा बेत धरून येऊ नका.

1650 मध्ये इमाम सुलतान बिन सैफच्या माणसांनी पोर्तुगीजांना इथून हाकललं. ओमानी बखरींमध्ये याची जी कथा आहे तिचा नायक एक हिंदू व्यापारी आहे. नरोत्तम हा बनिया पोर्तुगीजांना रसद पुरवायचा. किल्लेदाराने त्याच्या मुलीशी लग्न लावून मागितलं. नरोत्तमने आढेवेढे घेत मुदत मागितली आणि दरम्यान किल्लेदाराला पटवलं की कोठारातलं धान्य जुनं झालंय, टाक्यांतलं पाणी खराब झालंय, दारूगोळा दमट झालाय, हे सगळं बाहेर काढून नवं भरायला हवं. बाहेर काढलं, नवं भरलंच नाही, आणि इमामाला निरोप गेला. कथेत मीठ-मसाला किती हा वेगळा प्रश्न, पण विजयानंतर त्याच्या कुटुंबाला कर माफ झाला असं बखर म्हणते. इथल्या माणसांना ही गोष्ट माहीत असते. वाटाड्या घेतला असेल तर त्याला विचारा, तो खुलतो.

यानंतर ओमानचं आरमार उलट आपल्या किनाऱ्यावर आलं. 1668 मध्ये दीव लुटलं, 1674 मध्ये वसईवर उतरून चर्च लुटली. म्हणजे वसईच्या तटावर उभं राहून ज्यांची भीती वाटायची ते या खाचेतून निघालेले होते.

राजवाड्याच्या जवळच मोतीश्वर महादेवाचं देऊळ आहे, कच्छी भाटिया व्यापाऱ्यांच्या वेळेपासूनचं. खिमजी रामदास ही पेढी 1870 पासून मस्कतमध्ये आहे आणि त्या घराण्यातले कनकसी खिमजी यांना सुलतानांनी शेख ही पदवी दिली होती. महाशिवरात्रीला इथे रांग रस्त्यापर्यंत येते. एरवी सोमवारी सकाळी निवांत दर्शन होतं. आत फोटो काढू नका.

हे सगळं एकदा समुद्रावरून बघा

मला विचाराल तर मस्कतमधला एकच खर्च वाढवायचा असेल तर हा वाढवा. जुन्या मस्कतच्या पलीकडे बंदर अल रौदा या मरीनावरून संध्याकाळच्या धाऊ (पारंपरिक लाकडी नावा) निघतात, दोन तासांच्या. सकाळी डॉल्फिन पाहायच्या वेगवान बोटी असतात. मुलं बरोबर असतील तर त्या घ्या. किल्ले पाहायला मात्र संध्याकाळ. बंदराच्या कड्यांवर पांढऱ्या रंगात जहाजांची नावं लिहिलेली दिसतील. इथे येऊन गेलेल्या खलाशांनी ती शतकभराहून अधिक काळ रंगवली.

आणि पाण्यावर असताना हेही लक्षात असू द्या: 1840 मध्ये याच राज्याचं 'सुलताना' नावाचं जहाज खजूर, कॉफी, लवंगा, हस्तिदंत आणि अमेरिकन राष्ट्राध्यक्षांसाठी दोन अरबी घोडे घेऊन न्यूयॉर्कला पोहोचलं. ते बांधलं होतं मुंबईत, माझगावच्या गोदीत, 1833 मध्ये. तेव्हाचे सुलतान सय्यद सईद यांची बरीच मोठी जहाजं मुंबईचीच. 'लिव्हरपूल' हे 74 तोफांचं जहाज त्यांनी 1836 मध्ये इंग्लंडच्या राजाला भेट म्हणून देऊन टाकलं.

परत येताना अल बुस्तान राजवाडा-हॉटेलच्या चौकात गाडी थांबवा. तिथे 'सोहार' ही नाव ठेवलेली आहे. मलबारचं लाकूड, नारळाच्या काथ्याने शिवलेल्या फळ्या, एकही खिळा नाही. 1980-81 मध्ये ती मस्कतहून चीनमधल्या ग्वांगझौपर्यंत गेली.

मोठी मशीद आणि ऑपेरा

सुलतान काबूस ग्रँड मशीद मुसलमान नसलेल्यांना शनिवार ते गुरुवार सकाळी 8 ते 11 एवढीच खुली. आठला दारात हजर राहा. नऊनंतर बसगाड्या येतात. बायकांचं डोकं, मनगटं आणि घोटे झाकलेले हवेत, पुरुषांना पूर्ण पँट आणि बाह्यांचा शर्ट. पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी चालते, साडीत पोट-पाठ झाकली जात नसल्याने अडवतात. अबाया तिथे भाड्याने मिळतो. लहान मुलांना मुख्य दालनात सोडत नाहीत, तेव्हा आई-वडिलांनी आळीपाळीने आत जावं.

2001 मध्ये पूर्ण झालेल्या या मशिदीला सुमारे तीन लाख टन भारतीय वालुकाश्म लागला. आतला गालिचा 70 बाय 60 मीटरचा, 21 टनांचा, इराणमध्ये विणलेला. झुंबर 14 मीटर उंच. लोक या दोन गोष्टी पाहून परततात. मी म्हणेन बाहेरच्या कमानींखालच्या ओवऱ्यांत अर्धा तास घालवा. प्रत्येक कोनाड्यात इस्लामी जगाच्या एकेका परंपरेची नक्षी आहे, मुघल धर्तीचीही.

त्याच दिवशी रॉयल ऑपेरा हाऊस उरका. 2011 मधलं, सकाळी इमारत दाखवायच्या फेऱ्या असतात. संध्याकाळचा कार्यक्रम पाहायचा तर तिकीट आधी घ्या आणि जीन्स-टीशर्ट खोलीवर ठेवा, दारातून परत पाठवतात. मोसम सप्टेंबर ते मे.

एक दिवस सुरला

सुर हे किनाऱ्यावरचं धाऊ बांधणारं गाव. मस्कतपासून दोनशे किलोमीटर, उत्तम रस्ता, दोन-सव्वादोन तास. गाडी उजव्या बाजूने चालवावी लागते. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, कॅमेरे जागोजागी आहेत. सकाळी सहाला निघालात तर वाटेत बिम्माचं खोल निळं विवर, मग वादी शाब (वादी म्हणजे डोंगरातली ओढ्याची दरी). तिथे होडीने ओढा ओलांडून पाऊण तास चालायचं आणि पुढे पोहायचं. पोहता येत नसेल तर चालण्यापुरतंच ठेवा, पाणी खोल आहे. आभाळ भरून आलेलं असेल तर वादीत शिरूच नका. दूरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा इथे ऊन असतानाही येतो.

कलहात हे सुरच्या अलीकडचं उजाड बंदर. मार्को पोलो आणि इब्न बतूता या दोघांच्याही वर्णनांत ते येतं, आणि 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहे. बीबी मरियमच्या समाधीचा सांगाडा उभा आहे, बाकी दगडांचे ढीग.

सुरमध्ये धाऊ बांधण्याचा कारखाना पाहा. हाताच्या अंदाजाने फासळ्या कापणारे सुतार, सागाचा वास, अर्धवट उभी नाव. इथले अनेक कारागीर केरळचे आणि गुजरातचे, त्यांच्याशी हिंदीत बोलता येतं. जवळच 'फतह अल खैर' ही 1951 मध्ये इथेच बांधलेली मोठी धाऊ जपून ठेवली आहे. दुपारी तिथे काही नसतं, चारनंतर पोहोचा.

खाणं

शुवा, म्हणजे मसाला लावून केळीच्या किंवा खजुराच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत रात्रभर शिजवलेलं मटण, ईदला घरोघरी होतं. हॉटेलांत ते ठरावीक वारीच मिळतं, आधी फोन करा. मिशकाक, कोळशावरच्या मांसाच्या काड्या, संध्याकाळी रस्त्याकडेला. शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही: हमूस, फुल (शिजवलेल्या शेंगदाण्यांची नव्हे, बाकल्याच्या दाण्यांची उसळ), चीज-मधाची ओमानी रोटी, आणि रुवी आहेच. करक चहा शंभर-दोनशे बैसांत, गाडीतून हॉर्न वाजवला की आणून देतात.

परतताना

हलवा शेवटच्या दिवशी घ्या, आधी नाही. साखर, तूप, पिष्ट, केशर, गुलाबपाणी, वेलदोडे तांब्याच्या मोठ्या कढईत दोन तास घोटून तो होतो आणि ताजा असताना सर्वांत चांगला लागतो. दुकानात चव देतात: काळा हलवा जास्त तुपाचा, केशरी हलका. फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, दगड होतो. मातीच्या भांड्यातला दिसायला छान, पण वजन वाढवतो. प्लास्टिकच्या डब्यातलाच घ्या आणि चेक-इन बॅगेत टाका, कारण हातातल्या बॅगेत त्याला जेल समजून काढून ठेवतात.